गेलनचा झेल

मंगळवार, १९ सप्टेंबर

रोली,

मी एल्डन, तुझा भाऊ. फोन केला तर तू ठेवून देशील, म्हणून लिहितोय. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच टेबलावर टाकलंस तर आर्लीन, तू फोड. आत वाईट काही नाही.

तुझा गेलन गेला. एवढं लिहून मी बराच वेळ नुसता बसलो होतो. जोलीन दोनदा डोकावून गेली. दुसऱ्यांदा तिनं विचारलं, कॉफी गार झाली, बदलून देऊ का. मी हो म्हणालो, आणि तीही गार झाली.

शनिवारी गेलनच्या अंत्यविधीला आम्ही चर्चमध्ये उशिरा आलो आणि शेवटच्या बाकावर बसलो, त्याचा तू राग धरला नसशील तर बरं. गेलनला अपघात झाला त्या चौकातून गाडी नेववेना. दोन्ही बाजूंना मका अजून उभाच आहे, येणारं काही दिसत नाही. मी गाडी मागे घेतली आणि चार मैलांचा वळसा घालून आलो.

चर्चच्या तळघरातल्या जेवणाबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे. तू आर्लीनजवळ बसला होतास. हातात कागदी ताटली, त्यावर हॅमचं सँडविच, बटाट्याचं सॅलड आणि खसखस भरलेला गोड पाव, कोलाच. यातलं काही तू खाल्लं नाहीस. आमच्या टेबलावर जुना पंच वेंडेल प्रिबिल होता. गेलनच्या शाळेच्या संघातला ट्रेंट येऊन समोर बसला. त्याचे डोळे सुजले होते. थोडा वेळ पावसाचं बोलणं झालं, मग मक्यातल्या ओलीचं. मग ट्रेंट एकदम म्हणाला, "तो आत होता, वेंडेल. मी फेकलेला चेंडू होता तो. मला माहीत आहे."

अकरा वर्षांपूर्वी शाळेच्या फुटबॉल सामन्यात गेलननं घेतलेल्या त्या झेलाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. पण त्यानंतर सगळे त्यावरच बोलायला लागले. तुला ऐकू जात होतं, हे मला दिसत होतं.

ट्रेंटचं म्हणणं, टीव्हीवरच्या मोठ्या खेळात दोन्ही पाय आत लागतात, शाळेच्या खेळात एकच पुरतो, आणि गेलनचा डावा पाय आत पडला होता. वेंडेल म्हणाला, पाय म्हणजे अख्खं पाऊल. पंजा आत पडला आणि त्याच झोकात टाच रेषेवर टेकली, तर तो पाय बाहेरचा. रेषासुद्धा बाहेरच. ट्रेंट म्हणाला, टाच टेकलीच नाही, तो पंजावर घसरत गेला. मग त्यानं बूट काढला. तळघरातल्या फरशीची एक सांध रेषा धरली आणि मोज्यावर उभं राहून पंजा कसा पडला ते करून दाखवलं. वेंडेल गुडघ्यावर बसून बघायला लागला. बहात्तर वर्षांचा माणूस, गळ्यात टाय. "टाच पडली बघ तुझी," तो म्हणाला. ट्रेंट म्हणाला, "माझी पडली. त्याची नव्हती."

बायका वाढायच्या थांबल्या. मला वाटलं, कोणीतरी येऊन यांना गप्प करेल. कोणी केलं नाही. पाच-सहा जण गोळा झाले. कोणी म्हणालं, त्याला समोरच्या संघातल्या, कॉटनवुडच्या पोरानं हवेत ढकललं होतं, ते धरायला नको का? वेंडेल म्हणाला, ढकललं तरी पाय पडला तिथेच पडला. आणखी कोणी म्हणालं, बर्फात रेषाच दिसत नव्हती, मग टाच कुठली अन् पंजा कुठला. सगळे गेलनबद्दल बोलत होते आणि त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. तेवढंच त्यांना जमत होतं, असं मला वाटलं.

मग तू उठलास. ताटली हातात घेऊन आमच्या टेबलापाशी आलास आणि म्हणालास, "एल्डन, तू काय पाहिलंस?"

तो झेल मीच बाद ठरवला होता; त्यानंतरच्या अकरा वर्षांत तू मला विचारलेली ही पहिली गोष्ट. ट्रेंट एका बुटावर उभा होता.

मी म्हणालो, "टाच रेषेला लागली."

तू मान हलवलीस. ताटली ठेवलीस आणि खुर्च्या मिटून भिंतीला लावायला लागलास. अजून लोकांची जेवणं व्हायची होती.

नियम वेंडेलनं सांगितला तोच आहे. पुस्तकात तसंच लिहिलंय, मी घरी येऊन पुन्हा पाहिलं. तुला वाटू नये की मी मनचं काही सांगितलं, म्हणून हे पत्र.

मला सध्या काही जाणवत नाही. जोलीन म्हणते डॉक्टरला दाखव. मी कामावर जातोय.

एल्डन


रविवार, १ ऑक्टोबर

रोली,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. ती माझ्याकडून कळावी, कारण सोसायटीच्या काट्यावरचं कोणीतरी आज ना उद्या बोलेलच.

तू अकरा वर्षं तुझा मका अठरा मैल लांबच्या कोठारात घालतोस. का ते सगळ्यांना माहीत आहे. इथल्या वजनकाट्यावर मी बसतो. तू गेलनला ट्रक घेऊन पाठवायचास तेव्हा तो त्या लांबच्या कोठारात जायचा, असं तू धरून चाललास. सगळ्या खेपा तिथे जात नव्हत्या. गेल्या पाच वर्षांत दर हंगामात दोन-तीन खेपा तो आमच्याकडे आणायचा. तुला पावती दाखवताना काय सांगायचा ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. खोटं बोलायला मी त्याला सांगितलं नव्हतं, पण थांबवलंही नाही.

पहिल्यांदा आला तेव्हा मला तो ओळखूच आला नाही. दाढी होती. काट्यावर ट्रक उभा राहिला की माझी खिडकी आणि ट्रकची खिडकी समोरासमोर येतात. त्यानं काच खाली केली आणि म्हणाला, "काय एल्डन काका, काटा बरोबर आहे ना? नाहीतर व्हिडिओ मागवीन." आणि हसला.

मी आकडा लिहून चिठ्ठी दिली.

त्यानंतर यायचा तेव्हा पाच मिनिटं थांबायचा. मागे रांग असली तरी थांबायचा. तुझ्या गुडघ्याचं सांगायचा. आर्लीननं परसात काय लावलंय, कुठली गाय व्यायली, ते सांगायचा. मी ऐकायचो. तुमच्याकडचं मला कळायचं ते सगळं असं, खिडकीतून. तुझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी तो ट्रक न घेता आला होता, नुसता सांगायला. मग जोलीननं पाठवलेलं सूप शेजाऱ्यांच्या नावानं तुमच्याकडे आलं. ते तू प्यायलास का, मला माहीत नाही.

गेल्या वर्षी मी त्याला विचारलं. दहा वर्षं विचारायचं राहिलं होतं. म्हणालो, "गेलन, तू आत होतास का?"

त्यानं गाडी बंद केली. त्याला राग आला असेल असं मला वाटलं. पण तो विचार करत होता. मग म्हणाला, "खरं सांगू काका? मला माहीत नाही. मी चेंडूकडे बघत होतो. पायाखाली काय होतं ते मला कळलंच नाही. बाबा म्हणतात आत होतो. ट्रेंट म्हणतो आत होतो. मी म्हणतो, असेन."

मी म्हणालो, हे तू रोलीला का नाही सांगत. तो म्हणाला, "बाबांना तो झेल हवाय. मला काय करायचाय तो?"

हे त्याचं बोलणं जसंच्या तसं आहे. मी त्यात काही घातलेलं नाही आणि काही काढलेलंही नाही. तुला हे कळू नये अशी त्याची इच्छा असेल, पण आता त्याला विचारता येत नाही.

या हंगामात तो आला नाही. मका अजून उभा आहे, सगळ्यांचाच. ओल उतरलेली नाही.

एल्डन


गुरुवार, १२ ऑक्टोबर

रोली,

मागची दोन्ही पत्रं मी टाकण्याआधी जोलीनला वाचायला दिली होती. दुसरं वाचून तिनं चष्मा काढला. म्हणाली, "त्याचं सगळं सांगितलंस. तुझं कुठाय?"

मी म्हटलं, माझं काय? तळघरात मी सांगितलं ना.

ती म्हणाली, "एल्डन, मी तुझ्याबरोबर एकेचाळीस वर्षं जेवतेय. तू 'टाच रेषेला लागली' म्हणतोस तेव्हा दर वेळी ताटाकडे बघतोस."

मग ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. दहा दिवस झाले त्याला. तिनं पुन्हा विषय काढला नाही. म्हणून आता लिहितो.

त्या दिवशी नेमलेल्या पंचाची गाडी बर्फात घसरून खड्ड्यात गेली होती, हे तुला आठवत असेल. मी जोलीनबरोबर प्रेक्षकांत होतो, मांडीवर चिलीच्या गरम रश्श्याचा डबा. वेंडेल कुंपणापाशी येऊन म्हणाला, तुझ्याकडे पंचाचा परवाना आहे, कडेची रेषा तू सांभाळ. मी म्हणालो, माझा पुतण्या खेळतोय. त्यानं कॉटनवुडच्या प्रशिक्षकाला विचारलं. तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "एल्डन व्हावराचा पुतण्या खेळतोय ते माहीत आहे. पण व्हावरा खोटं बोलणार नाही. आम्हाला चालेल."

हे वाक्य मला तेव्हा फार मानाचं वाटलं. सबंध सामनाभर ते माझ्या डोक्यात होतं. दुसऱ्या सत्रात आपल्या पोरांच्या दोन चुका मी धरल्या. त्या चुका होत्याच, पण दुसऱ्या कुणाच्या मी धरल्या असत्या का, माहीत नाही.

शेवटची सहा सेकंद. आपण चार गुणांनी मागे. ट्रेंटनं चेंडू डाव्या कोपऱ्यात फेकला, जिथे झेल घेतला की सहा गुण मिळतात त्या शेवटच्या पट्ट्यात, माझ्या बाजूला. मध्यंतरात पोरांनी झाडूनं रेषा उघडी केली होती. तिच्यावर पुन्हा बर्फ बसला होता, पण इतका नाही. जवळून बघितलं असतं तर दिसली असती. मी जवळच होतो. चार पावलांवर.

वेंडेलनं पहिल्या वर्षी मला शिकवलं होतं, आधी पाय बघ, मग चेंडू. चेंडू कुठे पळून जात नाही. वीस वर्षं मी तसंच केलं होतं.

त्या दिवशी मी पाय बघितले नाहीत. चेंडूही बघितला नाही. मी गेलनचा चेहरा बघत होतो.

त्यानं झेलावा असं मला वाटत होतं, रोली. तेवढा वेळ मी पंच नव्हतोच. तुझ्या अंगणात दर रविवारी त्याला चेंडू टाकायचो, तो पाच वर्षांचा असल्यापासून. आम्हाला मूल झालं नाही, हे तुला माहीत आहे. तो उडाला आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो पडला तेव्हा मला कळलं की आता सगळे माझ्याकडे बघतायत.

आणि मला काहीच माहीत नव्हतं. मागच्या पंचाला बोलावून विचारता आलं असतं. त्यात कमीपणा नसतो, रोज करतात लोक. मी ते केलं नाही. झेल दिला तर काकानं दिला म्हणतील, एवढं मात्र चटकन सुचलं. मी हात आडवे केले, म्हणजे झेल बाद.

तू कुंपण ओलांडून आलास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "माझ्या पोरापेक्षा तुला तुझं नाव मोठं." मी त्यानंतर लोकांना सांगत आलो की रोलीला खेळातलं काही कळत नाही, बाप म्हणून बोलला. तू बरोबर बोलला होतास. मला ते तिथे उभ्या उभ्याच कळलं होतं.

त्या वसंतात मी परवाना परत केला. लोकांना वाटलं, अपमान झाला म्हणून. वेंडेल घरी येऊन दोन तास समजावत बसला. म्हणाला, तुझ्यासारखा स्वच्छ माणूस गेला तर कसं होणार. मी त्याचं ऐकत राहिलो आणि खरं सांगितलं नाही. तळघरातही सांगितलं नाही. तू ताटली घेऊन समोर उभा होतास, गेलन वर चर्चमध्ये पेटीत होता, तरी मी टाच म्हणालो.

तो आत होता की बाहेर, हे मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. ज्या दोघांना माहीत असायला हवं होतं, त्यातला एक चेंडूकडे बघत होता.

वेंडेलला उद्या सांगणार आहे. ट्रेंटलाही. तुला आधी सांगितलं.

माफ कर असं लिहिणार होतो. पण तू मग त्यावर काहीतरी करायला हवंस असं होतं. सध्या तुझ्यावर तेही नको.

एल्डन


शुक्रवार, २७ ऑक्टोबर

रोली,

बुधवारी सगळ्यांनी मिळून तुझा मका काढायचा ठरवला, तेव्हा तुझ्या शेतावर मी यावं की नाही, हे आर्लीननं जोलीनला फोन करून सांगितलं. "येऊ नको म्हणत नाहीये तो. ये असंही म्हणाला नाही." म्हणून मी काट्यावरच थांबलो. सगळा माल इकडेच येणार आहे, हे मला सकाळी पहिला ट्रक आला तेव्हा कळलं. ट्रेंट चालवत होता. त्यानं काच खाली केली नाही. मी सांगितल्यापासून तो माझ्याशी बोलत नाही. त्याचं बरोबर आहे. चिठ्ठी मात्र घेतली.

चौदा हार्वेस्टर आले होते म्हणे. आपापला मका उभा ठेवून. तुझ्या दाराशी बायकांनी चिली आणि दालचिनीचे रोल मांडले होते, आणि कॉटनवुडहून दोन जण आले होते, ते सांगायला वेंडेल मुद्दाम थांबला. तो माझ्याशी बोलतो. म्हणाला, "अकरा वर्षं मी तुझ्यासाठी भांडलो, गाढवा." मग म्हणाला, उद्या मासे धरायला येतोस का. मी नाही म्हणालो. पुढच्या आठवड्यात विचारेन म्हणाला.

मी दिवसभर आकडे लिहिले. दर ट्रकला मक्याचा वास तोच. मला वाटलं होतं, त्या दिवशी तरी काही जाणवेल. चाळीस ट्रक झाले.

तीनच्या सुमाराला तुझा ट्रक काट्यावर चढला. तो गेलनचा ट्रक आहे हे मी लांबूनच ओळखलं. आत कोण आहे ते नाही ओळखलं. काच खाली आली आणि तू होतास. तळघर सोडलं तर आपण इतक्या जवळून एकमेकांना किती वर्षांत पाहिलं नव्हतं. तू म्हातारा झालायस. मीही झालो असेन.

मी आकडा लिहिला. चिठ्ठी पुढे केली. तू ती घेतली नाहीस. समोर बघत होतास, स्टिअरिंगवर दोन्ही हात. म्हणालास, "मी पलीकडच्या बाजूला बसलो होतो. मला पाठ दिसली. सतरा नंबर. तेवढंच."

मग तू म्हणालास, "तू चेहरा बघितलास म्हणतोस. कसा होता?"

मागच्या ट्रकनं भोंगा वाजवला. तू चिठ्ठी घेतलीस, ब्रेक सोडलास आणि गेलास. मी खिडकीत तसाच बसलो. पुढच्या ट्रकचा आकडा चुकीचा लिहिला, तो नंतर दुरुस्त केला. घरी जाताना मी त्या चौकातून गेलो. मका निघाल्यामुळे आता चारी बाजू लांबपर्यंत दिसतात. मी गाडी कडेला घेतली. तिथे मला रडू आलं. सप्टेंबरपासून आलं नव्हतं.

तू विचारलंस ते सांगतो.

तो उडाला तेव्हा त्यानं जीभ दातांच्या कोपऱ्यात धरली होती. तू ट्रॅक्टर मागे घेताना धरतोस तशी. हेल्मेटच्या जाळीवर बर्फ चिकटला होता, तरी डोळे नीट दिसत होते. चेंडू येत होता तसे ते मोठे होत गेले. डाव्या भुवईवर बर्फ होता. घाबरलेला अजिबात नव्हता. ते दुसरं पोर अंगावर येत होतं, त्याच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. चेंडू हातात बसला तेव्हा जीभ आत गेली आणि तो हसला, खाली पडायच्या आधीच. हवेत असतानाच हसत होता. त्याच्या तोंडातून वाफ आली. काहीतरी म्हणाला, पण ते ऐकू आलं नाही. चेंडू छातीशी धरून पाठीवर पडला, आणि उठायच्या आधी मान वळवून त्यानं माझ्याकडे बघितलं. ट्रेंटकडे नाही, तुमच्याकडेही नाही. रविवारी अंगणात एखादा अवघड झेल घेतला की बघायचा तसं. काका, पाहिलंस ना, असं.

मी पाहिलं होतं.

तो खूश होता, रोली. माझे हात आडवे होईपर्यंत तो खूप खूश होता.

एल्डन